मीटरवरचे सहा मैल

मी एका मेलेल्या माणसाच्या मोटारीचं मीटर मागं फिरवलं.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचो!

१९८५-८६ असावं. जिंतुरात माझं घर आणि मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. तिथून तीन मैलांवरच्या गावात बापूसाहेब राहायचे. त्यांना जुन्या मोटारींचा लय नाद. ते वारल्यावर बाकीच्या गाड्या पाहुण्यांनी नेल्या. राहिली एक लांबलचक, फिकट हिरवी अमेरिकन गाडी... काच न् काच शाबूत. त्यांच्या पत्नी, काकी, लेकीकडं हिंगोलीला कायमच्या निघालेल्या.

“चांगल्या मानसाच्या हाती द्या,” काकी म्हणाल्या. “भंगारवाल्यानं तोडलेली बघवायची न्हाई मला.”

मीटरवर ४१,३१२. गिऱ्हाईक भुलावं म्हणून मी शहाण्यानं चाराचे दोन केले. गॅरेजच्या भिंतीवर खडूच्या रांगाच रांगा होत्या. मला वाटलं, पोरांच्या रेघोट्या!

नामांतराच्या आंदोलनामुळं एसटी बंद, त्यामुळं त्याच दिवशी गाडी बघायला येणारं गिऱ्हाईक, हैदराबादचे खाँसाहेब, आले दुसऱ्या दिवशी. काकींनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. खाँसाहेब गाडी सोडून भिंतच वाचायला लागले.

“मियाँ, ये तो पूरा रेकॉर्ड है!”

काकी म्हणाल्या, “आमचे हे निजामाच्या शाळेत शिकलेले. गाडी फिरवून आले की मीटर भिंतीवर लिहायचे. उर्दूत.”

खाँसाहेबांनी शेवटची ओळ वाचली, “इकतालीस हजार तीन सौ अठरा,” आणि गाडीत वाकले. मी डोळे मिटले.

“बिलकुल बराबर!”

मीटरवर ४१,३१८ होते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर, बॅटरी माझ्या दुकानात चार्जिंगला...

काकींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

“अक्षर ह्यांचंच हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “पण ही वळ काल नव्हती.”

एवढा चोख हिशेब ठेवणारा मालक म्हणून खाँसाहेबांनी गाडी तिथंच पसंत केली. ते गेल्यावर मी काकींपुढं सगळं कबूल केलं. पुढं कितीतरी मिस्त्र्यांना विचारलं. मीटर आपोआप कसं फिरलं, वर सहा मैल कसे वाढले, आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. काकींना मात्र तेव्हा कसलंच नवल वाटलं नव्हतं.

“तुमचं घर हितून किती?”

“तीन मैल.”

“जाऊन येऊन सहा. जाब विचारायला आले असतील... तुमी पडला असाल घोरत!”