पायांवर सांडलेल्या अक्षता

"मला कुठल्याच भाषेत भांडता येत नाही, गाता मात्र सहा भाषांत येतं," असं आश्लेषा एकदा म्हणाली होती.

हाउन्सलोच्या त्यांच्या घरावरून विमानं इतक्या खालून जातात, की बोलणारा माणूस वाक्याच्या मधोमध थांबतो, विमान जाऊ देतो आणि मग उरलेलं बोलतो. आश्लेषा या थांबण्यातच वाढली. भांडणाला जो सलग आवाज लागतो तो तिच्याकडे आला नाही, ते कदाचित त्यामुळेच. तिची आई प्रमोदिनी पुण्याहून आलेली, हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. शेजारी पंजाबी, समोर तमिळ, वर्गात पोलिश मुली. शाळेच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर जो शेजारी बसेल त्याचं गाणं ती उचलायची. अर्थ नंतर विचारायची, कधी विचारायचीही नाही.

शेजारच्यांच्या लग्नात ठरलेली गायिका विमानतळावरच अडकली आणि सतरा वर्षांची आश्लेषा शाळेच्या बुटांत स्टेजवर चढली. पुढे तिचं पंजाबी आणि स्पॅनिश मिसळलेलं एक गाणं एका उन्हाळ्यात सगळीकडे वाजलं. कपड्यांच्या दुकानात, ग्लासगोच्या टॅक्सीत, जिममध्ये. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाचं तरी वाजलं. तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. लग्नं होती, मेळे होते, आणि लोक अजूनही नाचत होते.

तिची एक रीत होती. नवी भाषा स्टेजवर नेण्याआधी ती त्या भाषेतल्या एखाद्या म्हातारीकडे जायची. स्वयंपाकघरात बसून गायची. म्हातारी ऐकत राहिली तर गाणं अजून कच्चं. म्हातारी नकळत सोबत गुणगुणायला लागली, तर झालं. तमिळ गाण्यासाठी समोरच्या आजींकडे ती महिनाभर गेली. आजी कढीपत्ता निवडत बसायच्या आणि एक दिवस निवडता निवडता गायला लागल्या.

मराठीत मात्र ती कधी गायली नाही. मराठीतली म्हातारी म्हणजे आई, आणि आई तिच्या कार्यक्रमाला कधी आली नव्हती.

"मी दिवसभर लोकांना झोपवते, तू रात्रभर जागवतेस," प्रमोदिनी म्हणायची. "आपलं जमायचं कसं?"

मग धाकट्या भावाचं, आर्यनचं लग्न ठरलं, उर्वीशी. घरातल्या बायकांनी मंगलाष्टकं म्हणायची ठरली. आश्लेषाने भांडी पुसता पुसता विचारलं, "आई, एक मी म्हणू?"

प्रमोदिनीने नळ बंद केला. "माइक नको."

"नाही."

"आणि ते हात वर करणं नको."

"आई, ऑनेस्टली, मी परफॉर्म नाही करणार."

अरुणामावशी चहा पीत होती. "म्हणू दे गं तिला. माझ्या आवाजानंतर कुणीही चांगलंच वाटतं."

शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आर्यन आणि उर्वीच्या मध्ये अंतरपाट धरलेला, पाहुण्यांच्या मुठीत कुंकवाने लाल झालेल्या अक्षता. अरुणामावशीने आपलं कडवं तीन वेगवेगळ्या चालींत म्हटलं. 'सावधान' आलं आणि अक्षतांचा सडा पडला. निम्म्या भटजींच्या कानात गेल्या. भटजी शशिधर आठवडाभर कंप्युटरवर काम करणारे, शनिवारी सोवळं नेसणारे, त्यांनी कान झटकला आणि म्हणाले, "पुढचं कोण?"

आश्लेषा उभी राहिली. माइक नव्हता. हातही खालीच होते. पण गळा घरी ठेवून येता येत नाही. पहिल्याच ओळीला पाठीमागची कुजबुज थांबली. दुसऱ्या ओळीला मोबाइल वर गेले. शेवटचं 'सावधान' तिने असं लांबवलं, की छपरावरचं विमानही त्यात मिसळून निघून गेलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांसाठी मुठी उघडल्या, आणि अक्षता ज्याच्या त्याच्या पायांवर सांडल्या. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एक दाणाही पोचला नाही.

कुणीतरी "वन्स मोअर" म्हणालं. आश्लेषा लोकांच्या पायांवरच्या अक्षतांकडे बघत होती. तिने आईकडे पाहिलं.

"छान म्हटलंस," प्रमोदिनी हळूच म्हणाली. "पण आर्यनच्या डोक्यावर काही पडलं नाही गं."



"काकू, मुहूर्त जातोय," शशिधर म्हणाले.

अक्षतांचं ताट पुन्हा फिरलं. शेवटचं कडवं आईचं होतं. प्रमोदिनीने पदर सावरला आणि सुरू केलं, बारीक, बिचकत्या आवाजात, सुराच्या किंचित खाली. दुसऱ्या ओळीत आर्यनचं नाव आलं. ती थांबली. या वेळी वर विमान नव्हतं.

आश्लेषाने पुढचा शब्द उचलला. आईच्याच पट्टीत, आईइतकंच खाली. प्रमोदिनीने तिच्याकडे न बघता सूर धरला. आई जिथे घसरली तिथे तीही घसरली, आई जिथे घाईने पुढे गेली तिथे तीही गेली. सहा भाषांत इतकं बेसूर ती कधी गायली नव्हती. कुणी मोबाइल वर केला नाही. 'सावधान' आलं, ते आखूडच आलं, आणि चारही बाजूंनी अक्षता उडाल्या. आर्यनच्या मुंडावळ्यांत, उर्वीच्या खांद्यांवर, आश्लेषाच्या केसांत. अंतरपाट खाली आला.

संध्याकाळी क्रॉयडनला तिचा कार्यक्रम होता, तमिळ लग्नाचा. पंगत बसायच्या आधीच ती दाराशी आली, खांद्यावर चमकत्या पोशाखाची पिशवी घेऊन. प्रमोदिनी मागोमाग आली. तिने मुलीच्या केसांतल्या अक्षता काढायला हात नेला, आणि तसाच मागे घेतला.

"राहू देत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तिथे बाहेरच्यांना बसू देतात का गं मागे कुठेतरी?"

"देतात की. पुढच्या वेळी चल," म्हणत आश्लेषाने आईचा हात घट्ट दाबला, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि केस न झटकता दाराबाहेर पडली.