अकोल्याचा रबरी पाइप आणि चिखलदऱ्याचा घाट

अमरावतीहून चिखलदऱ्याला जायचं तर सरळ परतवाड्यावरून जावं, अकोल्याला जायचं काही कारण नाही. नकाशा उघडून पाहिलात तर अकोला अगदी वेगळ्या अंगाला आहे. तरीही साठच्या दशकाच्या सुरुवातीला, एका हिवाळ्यात, आम्ही आधी अकोल्याला गेलो आणि तिथून चिखलदऱ्याला. आम्ही म्हणजे माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, आणि मी. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. या ब्लॉगवर नेहमी अलीकडच्या सहलींबद्दल लिहिते; ही त्या मानानं फार जुनी सहल आहे. रस्ता मात्र अजून तोच आहे, म्हणून कोणाला उपयोगी पडलीच तर पडेल.

अण्णा अमरावतीत वकिली करत. त्यांच्याकडे लष्करी लिलावातून घेतलेली जीप होती. त्या जीपला बाहेरची हवा एका तेलाच्या डब्यातून गाळून मिळायची, आणि डब्यापासून इंजिनापर्यंत ती नेणारा हातभर लांबीचा, मनगटाएवढा जाड रबरी पाइप होता. तो तडकला. तसा तो दिसायला क्षुल्लक, पण वऱ्हाडातल्या रस्त्यांवरची काळ्या मातीची धूळ त्या फटीतून थेट इंजिनात जाते आणि इंजिन आतून घासून टाकते. अमरावतीत तसा पाइप मिळाला नाही. लिलावातल्या गाड्यांचे सुटे भाग अकोल्यात मिळतात असं कोर्टात कोणीतरी सांगितलं.

"शनिवारी निघू. जठारपेठेत मामाकडे मुक्काम करू, रविवारी परत," अण्णा म्हणाले.

आईनं आमच्यासाठी दशम्या बांधल्या. मग आत जाऊन एक लोकरीचा स्वेटर आणला आणि माझ्या पिशवीत तळाशी ठेवला. तो माझा नव्हता. 

इथं थोडं घरातलं सांगायला हवं. माझी मोठी बहीण, सुशीताई, शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी तिनं विठ्ठल नावाच्या तरुणाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्याच्या घरचा बडनेरा रस्त्याला भाजीचा मळा होता. आमचं घर भिक्षुकी आणि वकिली करणाऱ्यांचं. ज्या दिवशी तिनं सांगितलं त्या दिवशी अण्णा एवढंच म्हणाले की, तो मुलगा या घरात येणार नाही. मग तीही आली नाही. तिला चिखलदऱ्याच्या शाळेत नोकरी लागली आणि त्यानं तिथं बटाटे आणि कोबी लावायला जमीन कसायला घेतली. आईची पत्रं जायची. अण्णांसमोर तिचं नाव निघत नसे.

फाटका पाइप सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळून आम्ही निघालो. बडनेऱ्याचं रेल्वे फाटक ओलांडलं की मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि मधूनमधून तुरी. जिनिंगच्या कारखान्यांकडे निघालेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली असे. बैलांना हॉर्नशी देणंघेणं नव्हतं. आज हाच रस्ता चारपदरी आहे आणि दीड-दोन तासांत अकोला येतं. आम्हाला अर्धा दिवस लागला, त्यात मूर्तिजापूरला स्टेशनबाहेर चहा आणि गरम भजी. भजी चांगली होती.  

अकोल्यातला दुकानदार मुस्तफाभाई नावाचा जाडजूड, हसरा माणूस होता. त्यानं फळीवर तीन पाइप मांडले. पहिला दुसऱ्या जीपमधून काढलेला, मूळ बनावटीचा. पण वाकवला की त्यावर केसासारख्या रेघा उमटत होत्या. दुसरा नवा कोरा, काळा, चकचकीत, हातात धरला की मऊ लागणारा रबरी पाइप, डब्यापासून इंजिनापर्यंत अखंड. तिसरा पत्र्याचा, वाकवून झाळलेला, दोन्ही टोकांना रबराचे आखूड तुकडे आणि पट्ट्या.

अण्णांनी उलटतपासणी सुरू केली. पत्र्याचा पाइप हादऱ्यानं झाळणीत सुटेल का? सुटू शकतो. दोन सांधे म्हणजे धूळ शिरायला दोन जागा, खरं की नाही? खरं. मग अखंड रबरी पाइपात वाईट काय?

"वाईट काय नाय वकीलसाब," मुस्तफाभाई म्हणाला. "पन आधी हे सांगा, गाडी चालवनार कुठं? सपाटीवर चालवाची तर हाच घ्या, बेफिकीर राहा. घाट चढवाचा असन तर मंग पत्र्याचा न्या. चढावर इंजन हवा जोरात ओढते. हे रबर नरम आहे."

मला पत्र्याचाच पाइप आवडला होता. मी अण्णांकडे पाहिलं.

"इथून अमरावती," अण्णा म्हणाले. "घाट कुठला आलाय मध्ये?"

"मंग हाच न्या," मुस्तफाभाई म्हणाला आणि रबरी पाइप कागदात गुंडाळू लागला.

त्या रात्री मामाकडे जठारपेठेत जेवण झालं. वडाभात आणि वर फोडणीचं तेल. वऱ्हाडात गेलात आणि कोणी घरी जेवायला बोलावलं तर हे जरूर खा. मामांनी ताईचा विषय काढला नाही, पण मामी मला पाणी देताना म्हणाली, "थंडी आहे गं तिकडं वर." मी मान हलवली.

सकाळी नवा पाइप बसवून आम्ही निघालो. मूर्तिजापूरकडे वळायच्या चौकात अण्णांनी जीप वळवली नाही. आम्ही अकोटच्या रस्त्याला लागलो.

"पाइप कसा आहे ते पाहू," ते म्हणाले. "थोडा लांबून जाऊ."

हा रस्ता तेव्हा वाईट होता. पूर्णा नदी ओलांडली की डोंगरांची निळी रेघ समोर दिसायला लागते, आणि ती रेघ जवळ येत जाते म्हणून रस्त्याची फार तक्रार करावीशी वाटत नाही. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट लागतं, तेव्हा पिण्याचं पाणी बरोबर ठेवा. अकोट, मग अंजनगाव. अंजनगावाबाहेर बागांमधली केळी रस्त्यावर आली होती. आम्ही एक फणी घेतली आणि जीपमध्येच खाल्ली. धूळ इतकी होती की अण्णांच्या मिशा पांढऱ्याच्या करड्या झाल्या. पाइप मात्र ठीक होता. परतवाड्याला बसस्टँडसमोर त्यांनी पेट्रोल भरलं. इथून अमरावतीला उजवीकडे वळायचं, हे मला माहीत होतं. अण्णा समोर डोंगराकडे बघत होते.

"आलोच आहोत एवढे," ते म्हणाले. "चढते का पाहू."

परतवाड्याहून आपण धामणगाव गढीवरून घाटाला लागतो. हे धामणगाव वेगळं. कापसाच्या व्यापाराचं रेल्वेवालं धामणगाव पार दुसऱ्या टोकाला आहे. दोघांच्या नावात गोंधळ करून भलतीकडे गेलेले लोक मला माहीत आहेत. गढीनंतर सागाचं जंगल सुरू होतं आणि हवा एकदम बदलते. पहिली काही वळणं जीप नीट चढली. मग तिचा आवाज कोंडल्यासारखा झाला, धाप लागल्यासारखी ती दोनतीनदा हिसकली आणि बंद पडली.

अण्णांनी बॉनेट उघडलं. सगळं जागेवर होतं. हँडल मारलं, ती लगेच सुरू झाली. एक वळण चढलो, पुन्हा बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी मी बॉनेट उघडं ठेवून बाजूला उभी राहिले आणि अण्णांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन गरजलं आणि तो चकचकीत पाइप मधोमध आत ओढला गेला, गाल आत ओढावा तसा, आणि पूर्ण चपटा झाला. इंजिन मेलं. पाइप हळूच फुगून पूर्ववत झाला.

"अण्णा, पाइप चपटा होतोय. हवाच मिळत नाही तिला."

त्यांनी स्वतः पाहिलं. गाळायच्या डब्यातलं तेल अकोटच्या धुळीनं चिखलासारखं झालं होतं, त्यातून हवा मुश्किलीनं येत होती. इंजिन जोर लावून ओढत होतं आणि तापलेलं रबर आणखी मऊ पडलं होतं. अण्णा रस्त्याच्या कठड्यावर बसले. खाली दरी होती. जीप उलटी फिरवून उतरणीवर सोडली असती तर आम्ही आरामात परतवाड्याला पोचलो असतो. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी फिरवली नाही.

बऱ्याच वेळानं वर जाणारी एस.टी. आली. आमच्याशेजारी थांबली. कंडक्टर दारातून वाकला.

"काहून थांबले साहेब? पेट्रोल सरलं का?"

"नाही. पाइप गेलाय."

"वर कोनाले निरोप द्याचा असन तर सांगा. गाडी गावातूनच जाते."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. मी तोंड उघडणार, इतक्यात अण्णा उठले आणि बसच्या दाराशी गेले.

"शाळेत सुशीला बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना सांगा..." ते थांबले. "सांगा, तिचे वडील घाटात आहेत."

"बाईचे वडील का तुमी!" कंडक्टर म्हणाला. "सांगतो ना. घरीच जाऊन सांगतो." त्यानं घंटी ओढली.

मग आम्ही वाट पाहत बसलो. उरलेल्या दशम्या मी काढल्या; अण्णांनी एकही घेतली नाही. माकडांनी एक पळवली. अण्णा एकदाच बोलले, आणि तेही माझ्याकडे न पाहता. "रविवार आहे. शाळेला सुट्टी असेल. घरी नसली तर?"

ती घरी होती. खाली निघालेला बटाट्याचा ट्रक वळणावर थांबला आणि केबिनमधून ताई उतरली. तिच्यामागे विठ्ठल, खांद्यावर जाड दोर. जीप ओढून न्यायची असेल असं त्याला वाटलं होतं. ताई धावत आली आणि अण्णांपासून चार हातांवर थांबली. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही, कोणी रडलं नाही. ताईनं मला जवळ घेतलं आणि माझ्या डोक्यावरून अण्णांकडे पाहत राहिली.

विठ्ठल जीपजवळ गेला. "दोरानं ओढाची का?" त्यानं कोणालाच उद्देशून विचारलं.

"ओढून काय होणार," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, इंजिनाकडे बघत, "जाड तार मिळेल का? आत स्प्रिंगसारखं वेटोळं घातलं तर पाइप दबणार नाही."

ट्रकवाल्याकडे ताडपत्री आवळायची तार होती. जीपचं हँडल काढलं. त्याच्याभोवती तार गुंडाळायची असं ठरलं. एकट्या माणसाचं ते काम नव्हतं. अण्णांनी तारेचं एक टोक उचललं आणि विठ्ठलपुढे केलं.

"हे धरा," ते म्हणाले.

दोन वर्षं आमच्या घरात त्याचा उल्लेख 'तो मुलगा' असाच व्हायचा. 'धरा' ऐकताच ताईनं तोंड दरीकडे फिरवलं. विठ्ठलनंही ऐकलं असावं, कारण तो क्षणभर नुसता उभा राहिला.

"धरलं," तो म्हणाला. "तुमी फिरवा. हळू. सुटली तं हात कापन."

पहिलं वेटोळं आखूड पडलं. दुसरं तिरकं. तिसरं पाइपात नीट सरकलं. डब्यातलं घाण तेल ओतून टाकून ट्रकवाल्याकडचं थोडं तेल भरलं. अण्णांच्या अंगठ्याला तार लागून रक्त आलं तेव्हा विठ्ठलनं न विचारता आपला रुमाल फाडून बांधला, आणि अण्णांनी हात मागे घेतला नाही. मग आम्ही चौघं जीपमध्ये बसलो. ती चढली.

चिखलदऱ्याला तलाव, पॉइंट्स, गाविलगड हे सगळं आहे आणि पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी गेलात तर थंडी कडक, गरम कपडे हवेतच. शनिवार-रविवारी खोल्या मिळत नाहीत, आधी ठरवून जा. मी त्या खेपेला यातलं काही पाहिलं नाही. मी ताईच्या दोन खोल्या पाहिल्या, पत्र्याचं छप्पर, दाराशी कोबीचे वाफे. चुलीच्या निखाऱ्यांवर तिनं रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आणि मागून तिथंच पिकणारी कॉफी, गूळ घालून. आईनं दिलेला स्वेटर मी पिशवीतून काढून तिला दिला. तिनं तो लगेच घातला आणि रात्रभर अंगातून काढला नाही.

लग्नाबद्दल कोणी बोललं नाही. अण्णा आणि विठ्ठल बटाट्याच्या बेण्याबद्दल बोलले, जमिनीच्या कुळवहिवाटीच्या कायद्याबद्दल बोलले. अण्णांना कायद्यावर बोलायला सोपं जात होतं. सकाळी निघताना ते जीपमध्ये बसले, आणि हात स्टीअरिंगवर ठेवूनच ताईला म्हणाले, "सुट्टीत ये." जीप सुरू झाली. त्यांनी ती पुन्हा बंद केली. "दोघं या."

उतरताना पाइपाचा प्रश्न येत नाही. परतवाडा, आसेगाव, वलगाव. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. दुपारपर्यंत घरी.

आई फाटकात उभी होती. आम्ही एक दिवस उशिरा आलो होतो, तरी तिनं उशिराचं कारण विचारलं नाही.

"कशी आहे?" ती म्हणाली.

"चढली," अण्णा म्हणाले. "तार घालावी लागली आत, पण चढली."

"मी जीपचं नाही विचारत."

अण्णा पायरीवर बसले. जोडे काढायला वेळ लावला. "बारीक झालीय," ते म्हणाले. "हात राठ झालेत. पण हसत होती. आम्ही निघालो तेव्हासुद्धा हसत होती."

तुम्ही या वाटेनं गेलात तर तुम्हाला अकोट रस्त्याची धूळ लागणार नाही, डांबर झालंय. घाट रुंद झालाय. आम्ही बसलो होतो तो कठडा नवा बांधलाय, मी दोनदा शोधला, नक्की वळण सापडलं नाही. प्रवासात काय पाहिलं हे लिहायची मला सवय आहे, पण त्या सहलीतून माझ्याजवळ राहिला तो एका वकिलाचा आवाज, बसच्या दाराशी एक वाक्य पुरं करायला धडपडणारा.

मे महिन्यात दोघं आले. माझे काका तो आठवडाभर आमच्याकडे फिरकले नाहीत, आणि पुढेही बरीच वर्षं विठ्ठलराव असताना आले नाहीत. पहिल्या दिवशी जेवायची पानं मांडली तेव्हा विठ्ठलराव ओसरीवरच थांबले होते. अण्णा आपल्या पाटावरून उठले, बाहेर गेले, त्यांना आत घेऊन आले आणि स्वतःच्या शेजारच्या पाटावर बसवलं. आईनं वरणभात वाढला. तुपाची वाटी तिनं आधी विठ्ठलरावांच्या पानावर धरली.