नंदीखिंडीतला गूळ

सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला घरी यायचं म्हणजे आधी तामलवाडी, मग निजामाची जकातीची चौकी आणि तिच्यापुढं नंदीखिंड. आमचं गाव खिंडीच्या माथ्यावर. चढ इतका उभा, की भरल्या गाडीला पुढं आणखी एक बैलजोडी जुंपावीच लागे. ती जोडी बंडप्पांची. चौकीजवळ त्यांचं छप्पर होतं. लोकांच्या गाड्या वर चढवायच्या आणि मोकळे बैल घेऊन खाली यायचं, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. त्यांच्या वडलांनीही तेच केलं होतं.

बंडप्पा उंच, किडकिडीत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. शिव्या मात्र दखनीतून देत. बैलांची नावं कोसा आणि बसवा. दोघांनाही त्यांनी कधी चाबूक लावला नाही. बसवाला ते सकाळी उठून नमस्कार करत, त्यावर त्यांची बायको इरम्मा म्हणायच्या, "आमास्नी बी एकदा हात जोडा की. आमी बी ओढतोच!"

खिंडीच्या मध्यावर, वळणाशी, एक रुंद काळा दगड होता. तिथं आले की बैल आपोआप थांबत. बंडप्पा चाकांमागं धोंडे लावत, कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढत, निम्मा कोशाला, निम्मा बसवाला. हाताला चिकटलेला चुरा माझा.

"घ्या गिरिजक्का, तुमी बी गाडी ओढलीत की!"

मी तर गाडीत बसून आलेली असे.

आमच्या अप्पांना घाई असायची. ते विचारत, "बंडप्पा, एखाद्या दिवशी गूळ नसला तर?"

"तर मुक्काम हितंच, सावकार. आपुन माणसं, समजून घिऊ. त्ये कसं घेतील?"

आणि ते खरं होतं. गूळ खाल्ल्याशिवाय ती जोडी त्या दगडापुढं पाऊल टाकत नसे.

१९४८च्या भाद्रपदात अप्पांनी मला घरीच ठेवून घेतलं होतं. सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय तेव्हाही होती. त्या दिवशी मी एवढंच लिहिलं, 'सकाळपासून सोलापूरकडून तोफांचे आवाज. अप्पांनी दारं लावली. आईनं दोनदा चहा केला.' खाली खिंडीत काय चाललं होतं, ते बंडप्पांनी आणि इरम्मांनी पुढं सांगितलं.

हिंदी फौज हद्दीत शिरल्याची खबर आली तशी चौकीवरच्या निजामी शिपायांना खिंड धरून ठेवायचा हुकूम झाला. खिंडीचा माथा ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुळजापूरचा रस्ता. चौकीवर एक लहान तोफ होती, ती वर न्यायची होती. पण त्यांची लॉरी काळ्या मातीत रुतून बसली. जमादारानं तोफ एका गाडीवर बांधायला लावली आणि बंडप्पांच्या दारात येऊन उभा राहिला.

"ए बंडप्पा! बैलां लाओ."

बैल जुंपले. पाऊस झिमझिमत होता. काळ्या दगडाशी आले आणि दोघं थांबले. बंडप्पांनी सवयीनं चाकांमागं धोंडे लावले.

"क्यों रे, बैलां सो गये क्या?"

"न्हाय सरकार. हितं त्यांना गूळ लागतो."

शिपाई हसले. एक जण म्हणाला, "बैलां हैं का दामाद हैं?" जमादारही हसला. "तो खिलाओ!"

"सपला, सरकार."

गूळ कमरेला होता.

चाबूक बसले. बसवाच्या पाठीवर वळ उठले, तरी खूर हलेना. जमादारानं बंदुकीचा दस्ता बंडप्पांच्या तोंडावर हाणला. पुढचे दात गेले. मग त्यानं नळी बसवाच्या कपाळाला लावली.

"अब देख, चलता क्या नै."

बंडप्पांचा हात चंचीकडं गेला. ते मला सांगायचे, "हात गेला, गिरिजक्का. बसवा माज्याकडंच बघत हुता. त्यो गोळीकडं न्हाय, चंचीकडं बघत हुता."

तो हात त्यांनी मागं घेतला. तोंडातलं रक्त थुंकून ते म्हणाले, "मारा सरकार. पर रस्ता येवढाच हाय. मेलेला बैल काढंपतुर गाडी हितंच ऱ्हाईल."

जमादारानं रस्त्याकडं पाहिलं. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. त्यानं नळी खाली घेतली आणि शिपायांना गाडी ढकलायला लावलं. धोंडे काढताच गाडी मागं सरली, एक चाक कड्याकडच्या चरात गेलं, बैल जुवासकट गुडघ्यावर आले. गाडी आडवीच झाली. तेवढ्यात खालून रणगाड्यांची घरघर आली. शिपाई तोफ तिथंच टाकून माथ्याकडं पळाले आणि तोफेशिवाय तिथंही फार वेळ थांबले नाहीत.

हिंदी फौज आली ती त्या आडव्या गाडीशी अडली. जवानांनी चाक उचलून दिलं, पण बैल पुढं जाईनात. तेव्हा बंडप्पांनी चंची सोडली. निम्मा खडा कोशाला, निम्मा बसवाला.

अप्पांनी दार उघडलं तेव्हा ती वरात मी पाहिली. पुढं बंडप्पा, हनुवटीवर रक्त, मागं कोसा-बसवा, गाडीवर निजामाची तोफ आणि तिच्यामागं हिंदी जवान. आई रडली. मला रडू का येतंय ते कळत नव्हतं.

पुढच्या सुट्टीत दगडाशी गाडी थांबल्यावर मी विचारलं, "काका, बसवाला मारलं असतं तर?"

बसवाची मान खाजवत ते म्हणाले, "आमचं काम लोकास्नी वर चढवायचं, अक्का. वरून त्यांच्यावर गोळा टाकाय आमचेच बैल लागले असते, तर मंग बसवानं तरी माज्या हातचा गूळ कशाला खावा?"

"आन माज्यासाठी कोण बंदुकीफुडं हुबं ऱ्हाईल?" चुलीपुढं बसल्या बसल्या इरम्मा नंतर म्हणाल्या होत्या. "मला शिंगं न्हाईत ना!"

दात गेल्यावर बंडप्पा गूळ चघळून खात. पुढं एसटी आली आणि जोडीची गरज उरली नाही. कोसा आधी गेला. म्हाताऱ्या बसवाला ते रोज सकाळी काहीही न ओढता दगडापर्यंत नेत. तो थांबे, गूळ खाई, दोघं परत फिरत. बसवाला त्यांनी तिथंच, दगडामागं पुरलं.

परवा नातवानं गाडीतून नेलं. वळणावर मी म्हटलं, "जरा थांबव रे."

"काय झालं, आजी?"

मी पिशवीतून गूळ काढला. निम्मा दगडावर ठेवला, निम्मा त्याच्या हातावर. चुरा माझा.