पारोसं कसं पाठवायचं?

बाबांच्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापून आली, तिच्यावर ‘युद्धोत्तर पिढीतील ज्येष्ठ अमूर्त शिल्पकार’ असं लिहिलेलं होतं. बाबांनी ते चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि म्हणाले, “मी कुठल्या युद्धावर गेलो होतो?” पण ते सुखावले होते, हे मला आणि आईला दिसत होतं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून पोट भरलं, उरलेल्या वेळात शिल्पं केली, आणि पंच्याहत्तरी उलटल्यावर कुणीतरी ती सगळी एकत्र मांडायला निघालं होतं.

पुण्यातली जागा विकून अठ्ठ्याण्णव साली ते दोघं चांदे गावात राहायला गेले होते. शेजारच्या शेतकरी कुटुंबाकडूनच त्यांनी जागेचा तुकडा घेतला, छोटं घर बांधलं आणि शिल्पं अंगणात मांडली. ती अशी उघड्यावर का ठेवली म्हणून मी कुरकुर केली, तर बाबा म्हणाले की धातूला पावसाचा रंग चढायला हवा. मुळशीच्या पावसानं तो चढवलाही. काही पावसाळ्यांत सगळी ब्राँझची कामं हिरवी-काळी झाली आणि बाबा त्यांच्याभोवती चहाचा कप घेऊन समाधानानं फिरू लागले.

त्यांतलं एक काम निराळं होतं. कमरेएवढं, एका अंगाला कललेलं, मधे पोकळी असलेलं. त्याला ना नाक होतं ना डोळे. ते बाबांनी साठच्या दशकात केलं, माझा भाऊ गेला त्याच्या पुढच्या वर्षी.

या भावाला मी पाहिलेलं नाही. तो चार वर्षांचा असताना घटसर्पानं, घसा कोंडून गेला आणि मी त्याच्यानंतर जन्मले. आमच्या घरात त्याचा फोटो नव्हता. बाबांनी त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही, आणि ते घेत नाहीत म्हणून आईनंही त्यांच्यापुढे घेतलं नाही. मी कॉलेजात असताना एकदा भाजी निवडता निवडता आई मला म्हणाली, “ते कललेलं आहे ना, तो आपला बाळ आहे.”

“बाबांनी सांगितलं का तुला?”

“ते कशाला सांगतायत? एकदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

मी तेव्हा शहाणी होते, म्हणजे स्वतःला शहाणी समजत होते. सरळ जाऊन बाबांना विचारलं. त्यांनी मला आकार, पोकळी, वजन आणि तोल यांवर भलंमोठं व्याख्यान दिलं. शिल्प कशाचंच नसतं, ते फक्त असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिढीचा हा वेदच होता, आणि मला त्याचा इतका राग आला की मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. आई मात्र वाट पाहत राहिली. तिला दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा तोंडानं म्हणावं, एवढंच.

गॅलरी सूस रस्त्याला एका बंगल्याच्या तळमजल्यावर नव्यानं निघाली होती. चालवणाऱ्या बाई तरतरीत होत्या. त्यांनी कामं निवडली आणि सगळी विक्रीला ठेवायची का, असं विचारलं. बाबा हो म्हणाले. आपल्यामागे ही धुडं कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता. मी सूसला राहत होते, त्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायलाही धड जागा नव्हती. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तेवढं एक नको म्हणावं त्यांना. मी म्हटलं. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तेच तर सगळ्यांत चांगलं आहे. ते का नको?”

ते का नको हे सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. 

प्रदर्शनाच्या आधी बाबा माहितीपुस्तिकेच्या छपाईसाठी दोन दिवस पुण्यात मित्राकडे राहिले. रविवारी मी त्यांना घेऊन घरी पोचले, तर अंगणात ते कललेलं शिल्प सोन्यासारखं लखलखत होतं. बाजूला चिंचेचा कोळ, मीठ आणि राखेचं टोपलं. आईचे हात लाल झाले होते. शेजारची वहिनी बादली घेऊन उभी होती. ती कौतुकानं म्हणाली, “काल सकाळधरनं घासत्यात काकू. म्या म्हनलं मी करते, तर हात लावू दिला न्हाई. लई निघालंय बगा.”

बाबांनी मोटारीचं दारही लावलं नाही. इतक्या पावसाळ्यांचा तो रंग, ज्याच्यासाठी त्यांनी धातू उन्हापावसात सोडला होता, मोरीतून वाहून गेला होता. त्यांचा आवाज चढला. “हे काय केलंस तू?”

आई पदराला हात पुसत म्हणाली, “चार लोकांत जायचं, तर पारोसं कसं पाठवायचं?”

 मला वाटलं, आता बाबा बोलतील. पण ते घरात गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. वहिनी बादली तिथेच ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी धीर दिला की केमिकल लावून पुन्हा काळपट करता येईल, पाहणाऱ्याला कळणारही नाही. 

“राहू दे,” बाबा म्हणाले.

“पण सर, बाकीच्या कामांत ते एकदम वेगळं दिसेल.”

“दिसू दे.”

उद्घाटनाला बरीच गर्दी होती. अर्धी बाबांचे जुने विद्यार्थी, अर्धी हिंजवडीची नवी पैसेवाली मंडळी. आई इरकली नेसून त्या शिल्पाशेजारच्या खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. कुणी जवळ आलं की थोडी सावरून बसायची. एका वर्तमानपत्राच्या मुलीनं बाबांना विचारलं, “हे कशाचं आहे, सर?” आईनं मान वर केली.

“कशाचंच नाही,” बाबा म्हणाले. “आकार आहे.”

मला त्यांचा तिथल्या तिथे तिरस्कार वाटला. आईची मान खाली गेली आणि ती नेसूच्या निऱ्या सारख्या करत राहिली. तासाभरात त्या शिल्पाच्या पाटीशेजारी लाल टिकली चिकटवली गेली. दिल्लीच्या कुणा गृहस्थांनी ते घेतलं होतं. आईनं मला टिकलीचा अर्थ विचारला आणि मला तो सांगावा लागला.

परत येताना ती मागच्या सीटवर होती. नांदे गाव ओलांडल्यावर म्हणाली, “चला. स्वच्छ करून तरी पाठवलं.” बाबा पुढे माझ्या शेजारी बसले होते. 

विकलेली कामंही प्रदर्शन संपेपर्यंत जागेवर राहतात. ते सगळे दिवस आई रोज गॅलरीत गेली. दवाखान्यात भेटायच्या वेळेला जावं तशी जायची. बाबा तिला सोडायला यायचे आणि बाहेर ओट्यावर बसायचे. आत या म्हणून मी एकदा सांगून पाहिलं. म्हणाले, पाहिलंय सगळं.

शेवटच्या दिवशी मी रजा टाकली. वहिनीच्या नवऱ्यानं जमीन विकून पिकअप घेतली होती, पेट्या ट्रान्स्पोर्टच्या गोडाऊनला पोचवायचं काम त्यालाच दिलं होतं. लाकडी पेटीत त्यानं घरचा भाताचा पेंढा पसरला. त्याने आणि दोन गड्यांनी मिळून शिल्प उचललं, आडवं केलं आणि पेटीवर आणलं. कललेला भाग खाली आला, तर ते पेंढ्यात घट्ट बसेल असा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबरच होता. आई भिंतीला टेकून उभी होती. मी तिचा दंड धरला होता.

बाबा बाहेरून कधी आत आले, ते कळलं नाही.

“तसं नको,” ते म्हणाले.

“का वो काका? असंच बसतंय नीट. हालनार न्हाई.”

“पालथं नको निजवू त्याला. त्याला दम घेता येत नाही पालथ्यावर.”

गडी थांबले.  पिकअपवाल्याला काय समजलं, मला ठाऊक नाही. त्याने फक्त “व्हय काका” म्हटलं आणि तिघांनी मिळून ते हळूच उलटं करून उताणं ठेवलं.

आईनं माझा हात सोडवला. पेटीजवळ जाऊन ती खाली बसली. कोपऱ्यातला मूठभर पेंढा घेतला आणि तिच्या मते डोकं जिथं होतं, तिथं खाली सारायला लागली. पेंढा बाहेरच सांडत होता. बाबा गुडघ्यांवर हात देत, मोठ्या कष्टानं तिच्याशेजारी बसले. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि थोडं डावीकडे नेलं.

“इथं आहे,” ते म्हणाले.