न चाखलेली कोशिंबीर

यंदाच्या चैत्रात मी स्वतःची जी शोभा करून घेतलीय ना, ती आमच्या डोंबिवलीच्या अख्ख्या बिल्डिंगला तोंडपाठ आहे. दुसरं कोणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच सांगते, ऐका!

आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. घर तळमजल्यावर, मागे हातभर माती. तिथे मी काकडीचा वेल चढवलाय. यंदा असा लगडला म्हणता! शेतकरी बाजारातून माझी सून स्वाती करकरीत कैऱ्या घेऊन आली. झालं, बेत ठरला. कैरी घालून वाटली डाळ, पन्हं आणि माझ्या वेलाच्या काकड्यांची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. उन्हाळ्यात आणखी काय लागतं माणसाला?

आता आमच्यात नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही. मिठाचा अंदाज हाताला, तिखटाचा नाकाला! गौरीला नैवेद्य दाखवला आणि बायकांना वाट्या भरून दिल्या. कोशिंबिरीचा असा फडशा पडला की मला चमचाभरही उरली नाही. पण मी आपली मिरवतेय, "घरची हो, घरची काकडी! विकतची नाही!"

बायका गेल्या. मी जरा पाठ टेकतेय, तोच वरच्या मजल्यावरच्या कमलताई धापा टाकत दारात.

"काकू, मेघाला उलट्या होतायत हो! तुमच्याकडून आली तशी बाथरूममध्येच आहे."

मेघा म्हणजे त्यांची सून. पहिलटकरीण, तिसरा महिना चाललेला.

"अहो, दिवसच आहेत उलट्यांचे," स्वाती म्हणाली.

"अगं, पण मध्ये बंद झालेल्या ना!" असं म्हणत कमलताई आल्या पावली वर पळाल्या.

माझ्या डोक्यात काय यावं? काकडी! कडू तर निघाली नसेल? कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेल्याचं टीव्हीवर ऐकलेलं. आणि मी तर चव घेतलेलीच नाही!

वेलाच्या मुळाशी घालायला म्हणून काकडीचे उरलेसुरले तुकडे ओट्यावर ताटलीत काढून ठेवलेले. त्यातला एक तोंडात टाकला. अरे देवा! कडूजहर! दुसऱ्या काकडीचा बघू म्हणून दुसरा चावला. तोही कडू! मग तिसरा, मग चौथा... चावतेय, गिळतेय आणि गौरीला हाका मारतेय.

"स्वाती, मी विष वाढलं गं सगळ्यांना!"

"आई, थांबा जरा, मला बघू तरी..."

थांबतेय कसली! जिन्यात उभी राहून ओरडले, "कोशिंबीर खाल्लेल्यांनी मिठाचं पाणी प्या! ओकून टाका सगळं!"

धडाधड दारं उघडली. कोणी गुळण्या करतंय, कोणी घशात बोटं घालतंय. कपाळाला हळदीकुंकू तसंच आणि डोकं बेसिनमध्ये! वॉचमनला रिक्षा आणायला पिटाळलं आणि मी गुडघे धरत वर चढले. एकेक पायरी डोंगराएवढी. त्या पोटातल्या जिवाला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू, सांगा?

मेघा खुर्चीत बसलेली. चेहरा पांढराफटक.

"ऊठ गं बाळा, दवाखान्यात चल. काकडी कडू होती!"

"कुठली काकडी, आजी?"

"अगं, कोशिंबिरीतली!"

"ती मी खाल्लीच नाही. काकडीचा वास आला तरी मला मळमळतं. तुमच्याकडे तोच वास सुटलेला, कसंबसं घर गाठलं. माझी वाटी सासूबाईंनी संपवली."

मी कमलताईंकडे बघितलं. दोन वाट्या रिचवून बाई ठणठणीत!

"कडू कुठे हो, काकू? मस्त होती की."

तेवढ्यात स्वाती ती ताटली घेऊन माझ्यामागून वर आली. "अहो आई, तुम्ही खाल्लीत ती काकड्यांची देठाकडची टोकं! सकाळी मीठ लावून घासघासून सगळा कडूपणा तुम्हीच त्यात उतरवलात. फेस बघा, अजून दिसतोय!"

बाई गं! काकडीचं टोक कसं घासायचं, हे बिल्डिंगमधल्या पोरीबाळींना शिकवलं कोणी? मी! जिन्यात बायका हातात मिठाच्या पाण्याचे पेले घेऊन उभ्या. सगळ्या माझ्याकडेच बघतायत.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला आणि माझ्या पोटात अशी काही कळ उठली की मी कठडाच धरला.

मेघासाठी बोलावलेल्या रिक्षात मेघानेच मला हाताला धरून बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय हे आजी! या वयात असलं काहीतरी तुम्हाला खायला घातलं कोणी?"

मेघा तोंडाला पदर लावून हसतेय. मी म्हटलं, "आहे हो डॉक्टर, आमच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारी. स्वतःला फार सुगरण समजते."