ओलेनाची रजा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तसं तिला मी सगळं सांगतो — ऑफिसातल्या भानगडी, माझी दुखणी, शेजाऱ्यांच्या कुरापती. पण हे नाही. आज तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटत नाही.

गोष्ट ओलेनाची. म्हणजे खरं तर माझीच आहे, पण आधी तिच्याबद्दल सांगू द्या. तिच्याबद्दल बोलताना माझी मान ताठ असते. माझ्यावर यायचंच आहे — पळून जात नाहीये मी.

२००४ साल. पुण्यातल्या कंपनीनं मला हॉलंडला पाठवलं होतं. बिऱ्हाड बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या उपनगरात, ऑफिस हूफडॉर्प नावाच्या गावात. आमची टीम हूफडॉर्पला बसायची आणि क्लायंट झुइडासला, म्हणजे बड्या कंपन्यांच्या भागात, एका काचेच्या इमारतीत. मी टीम लीड. म्हणजे मधला माणूस — इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगणारा. क्लायंटशी टीमनं परस्पर बोलायचं नाही, जे काय ते माझ्यामार्फत, ही आमची पद्धत. पद्धत मीच घातली होती. मला आवडायची ती.

ओलेना माझ्या टीममध्ये. युक्रेनची, चेर्कासी नावाच्या शहरातली. जुन्या सिस्टिममधला ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याचं काम तिच्याकडे होतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, ही आपली रशियन मैत्रीण. आपल्याकडे काय, तिकडची सगळी माणसं रशियनच. तिनं सगळ्यांसमोर, अजिबात आवाज न चढवता, मला दुरुस्त केलं. मग जेवताना कागदी रुमालावर तिच्या देशाचा नकाशा काढून दाखवला. हात न उचलता, एका दमात. मी म्हटलं, सराव दिसतोय. तर म्हणाली, माझी आई भूगोल शिकवते.

त्या आईबद्दल काय सांगू? मी त्यांना कधी भेटलो नाही, पण मनात त्यांना 'बाई'च म्हणतो. एक्याण्णवच्या ऑगस्टच्या शेवटी त्यांचा देश स्वतंत्र झाला आणि आठवड्याभरात शाळा सुरू झाल्या. वर्गाच्या भिंतीवर नकाशा जुन्या देशाचा, पुस्तकं जुन्या देशाची. वरून सूचना येतील म्हणावं, तर वर कोण आहे हेच कुणाला धड माहीत नाही. बाईंनी तो नकाशा उतरवला, गुंडाळून कपाटावर टाकला आणि मुलांना म्हणाल्या, आता तुम्ही काढा. चौदा वर्षांची ओलेना त्याच वर्गात होती. सगळा वर्ग कितीतरी दिवस तेच करत बसला — सीमा कुठे, गहू कुठे पिकतो, कोळसा कुठे निघतो. नीपर नदी प्रत्येकानं आपापल्या मनानं वळवली. बाईंनी सगळे नकाशे भिंतीवर लावले, चुकलेलेही. पुस्तकं यायला वेळ लागला. तोवर त्यांचा देश त्या भिंतीवर होता.

वडील कारखान्यात इंजिनिअर. मधली काही वर्षं इतकी वाईट गेली की पगाराच्या ऐवजी साखरेची पोती मिळायची. पोतं सायकलवर घालून गावोगाव फिरायचं आणि साखर देऊन बटाटे आणायचे, बूट आणायचे. हे सांगताना ती हसायची. रडगाणं नाही, तक्रार नाही. म्हणायची, आम्हाला कुणी तयार देश दिला नाही, आम्ही तो घरच्या साखरेवर चालवला. घरात बोलायची भाषा रशियनऐवजी कचेरीत चालायला लागली, तेव्हा तिची आजी मुद्दाम नगरपालिकेत गेली होती. काम काही नव्हतं. नुसतं कुणाशी तरी बोलून आली.

ऐकताना मला भरून यायचं. का यावं? माझा काय संबंध? पण येत होतं खरं, आणि ते आजही येतं.

मग मीही कमी कशाला पडू? मी तिला आमच्या नानांची गोष्ट सांगितली. नाना म्हणजे माझे आजोबा, नाशिकजवळच्या एका शाळेत मास्तर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईला मोर्चाला जायचं, आणि रजा कुठून मिळणार? सरकारचा डोळा होता. तर त्यांचे हेडमास्तर म्हणाले, तुमचा वर्ग मी घेतो, तुम्ही जा. नाना गेले, लाठी खाल्ली, खांद्याला कायमची खूण घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर उभे राहिले. आमच्या घराण्यात ही गोष्ट लग्नकार्यात, बारशात, कुठेही निघते. मी ती ओलेनाला सांगितली, एकदा नाही, अनेकदा. दर वेळी माझी छाती इंचभर वाढायची. तिला त्यात आवडायचे कोण, तर नाना नव्हे — हेडमास्तर. म्हणायची, लाठी खाणारे असतातच, पण वर्ग घेणारा मिळायला नशीब लागतं.

आता नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच झालेली, माझ्या टेबलावर बायकोनं दिलेला चिवड्याचा डबा. तिकडे निवडणुकीत घोटाळा झाला आणि कीवच्या चौकात माणसं जमायला लागली. बर्फात. तंबू ठोकून. सगळीकडे नारिंगी रंग, घोटाळ्यानं हरवलेल्या उमेदवाराचा. बाई चेर्कासीहून कीवला गेल्या आणि तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला गरम सूप वाढायला उभ्या राहिल्या. त्यांनी ओलेनाला फोन केला. आता मायलेकींचं तेव्हा धड बोलणं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं. ओलेना देश सोडून आली ते बाईंना फार लागलं होतं. शिकलेले सगळे निघून गेले तर इथे नकाशे काढायला राहणार कोण, असं त्या तिला एकदा बोलल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी आपण होऊन केलेला हा पहिला फोन. म्हणाल्या, माझ्या शेजारी एक जागा आहे, ये.

ओलेना माझ्याकडे आली. एक आठवडा रजा हवी होती. सगळं सांगितलं, आईचं ते वाक्यसुद्धा. आणि आमचं काम महिनाअखेरीला पूर्ण करायचं होतं. मी म्हटलं, क्लायंटला विचारून सांगतो.

आपल्या कंपन्यांत काम केलेल्यांना या वाक्याचा अर्थ माहीत आहे. याचा अर्थ नाही. कुणी विचारायला वगैरे जात नाही. दोन दिवस जाऊ द्यायचे आणि तोंड पाडून सांगायचं, फार प्रयत्न केला हो. पण झालं असं की त्याच दुपारी मला झुइडासला जावं लागलं आणि विमनं — विम म्हणजे क्लायंटचा मॅनेजर, उंच, रुक्ष, तोंडावर बोलणारा डच माणूस — त्यानं स्वतःच विचारलं. बातम्या पाहिल्या होत्या त्यानं. तुमच्या ओलेनाचं कसं चाललंय, म्हणाला. मग मला सांगावंच लागलं.

विम म्हणाला, "मग ती अजून इथे काय करतेय? जाऊ दे तिला. आपलं काम आठवडाभर पुढे गेलं तर काय बिघडतं?"

झालं. इतकं सोपं होतं ते.

हूफडॉर्पला परतताना गाडीत मी काय विचार करत होतो? तारीख. मी पुण्याला तारखेचा शब्द दिला होता. क्लायंटला आठवडा चालत होता, पण पुण्यात त्याचा अर्थ एवढाच झाला असता की याची तारीख हुकली. माझ्या बढतीचं बोलणं चाललं होतं. आणि आणखी एक — हे सांगायला जास्त जड जातंय — तिच्यावाचून माझं काम अडतं, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

मी ओलेनाला सांगितलं, क्लायंट नाही म्हणाला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण मी पुढे म्हणालो, मी खूप भांडलो त्याच्याशी. तुझ्यासाठी.

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. आभार मानले. नोकरी सोडून जावं तर तिचा तिथे राहायचा परवाना नोकरीवर, माझा होता तसाच. मग चिवड्याच्या डब्यातून मूठभर चिवडा घेतला आणि म्हणाली, "तुझ्या नानांचे हेडमास्तर इथे नाहीत."

मी मान हलवली. नाहीत, म्हटलं. आणि होते की! झुइडासला काचेच्या इमारतीत बसले होते.

दोन दिवसांनी विमचा फोन आला — गेली का ती? मी म्हटलं, नाही, आईनंच नको म्हटलं, तिकडे धोका आहे. म्हणजे एक थाप इकडे, एक तिकडे. मधला माणूस!

ओलेना रोज नारिंगी मफलर गुंडाळून ऑफिसला यायची आणि काम करायची. काम तारखेला झालं. नंतर पुन्हा मतदान ठरलं, तेव्हा ती हेगच्या वकिलातीत जाऊन रांगेत उभी राहिली आणि मत देऊन आली. तिकडे लोकांनी चौक सोडला नव्हता, निकाल बदलून घेतला आणि मग स्वतःच चौक झाडून घरी गेले. हे मला तिनं सांगितलं, आईकडून ऐकून. बाईंचा एक फोटो आला होता — हातात मोठा डाव, अंगावर दोन कोट, शेजारी कुणीतरी अनोळखी मुलगी ब्रेड कापतेय. ओलेनानं तो फोटो मला दाखवला आणि त्या मुलीकडे बराच वेळ बघत राहिली.

बढती मिळाली मला. विचाराल म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी ओलेना नोकरी सोडून परत गेली, कायमची. चेर्कासीत मुलांना कॉम्प्युटर शिकवायला. पगार हॉलंडमधल्या पगाराच्या पासंगाला पुरणार नाही असा. तिकडे उत्साह ओसरला होता, पुढाऱ्यांची आपापसांत भांडणं लागली होती. मी म्हटलं, आता कशाला जातेस? म्हणाली, आताच तर माणसं लागतात. असली माणसं असतात म्हणून देश उभा राहतो, आणि मी तिच्याबरोबर एका टेबलावर जेवलोय, याचा मला अजून अभिमान आहे.

निरोपाच्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे केक तिनंच आणला, घरी केलेला. विमही आला होता. तिनं चार शब्द बोलताना माझं नाव घेतलं. त्या हिवाळ्यात हा माणूस माझ्या रजेसाठी क्लायंटशी भांडला, मी आईला सांगितलंय, आणि आईनं याच्यासाठी काहीतरी पाठवलंय. गुंडाळी उघडली — एक्याण्णवच्या वर्गातला एक नकाशा. तिचा स्वतःचा, चौदाव्या वर्षी काढलेला. नदी जरा जास्तच उजवीकडे गेलेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमनं वाजवल्या नाहीत. तो माझ्याकडे बघत होता.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो शेजारी येऊन उभा राहिला. वाटलं, आता चिडेल. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "हे तिला तू सांगायचं आहेस. मी नाही." मी म्हटलं, हो, उद्याच.

उद्या ती विमानतळावर होती. मी सोडायला गेलो, बॅगा उचलल्या, सांगितलं नाही. मग फोनवर सांगू, मग मेलवर, मग ही वेळ नव्हे. आता तर तिच्या देशाचं नाव कुणाला नकाशा काढून समजवावं लागत नाही, का ते तुम्हालाही माहीत आहे. ती तिथेच आहे, बाईही. मेलला उत्तर उशिरा येतं, पण येतं. आणि मी परत म्हणतो, ही वेळ नव्हे.

नकाशा आमच्या पुण्याच्या घरात लावलाय, नानांच्या फोटोशेजारी. बायकोनं हौसेनं चौकट करून घेतली. माझे वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. टीव्हीवर तिकडच्या बातम्या लागल्या की ते येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून त्या भिंतीपाशी नेतात. आधी ती शाळा, ती साखर, तो चौक, सगळं सांगतात — माझ्याकडूनच ऐकलेलं, आणि सगळं खरं. मग माझ्याकडे बोट करतात. म्हणतात, त्या मुलीच्या रजेसाठी हा गोऱ्या साहेबाशी भांडला होता. शेवटी नातू कुणाचा!

मी तिथेच बसलेलो असतो.