डॉक्टरसाहेबांच्या हातची भवानी

डॉ. भास्करराव केळकर आमच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढले, तेव्हा मी त्यांना भ्यालो होतो. पनवेलच्या बाजारात मी पोपट, ससे, कुत्र्याची पिल्ले विकत असे. नगरपालिकेने नुकताच नियम केला होता: जनावर विकण्याआधी पशुवैद्याला दाखवायचे, आजारी निघाले तर विकणाऱ्याने बरे करायचे, रोग लपवला तर परवाना रद्द. तपासणीला नेमलेले डॉक्टरसाहेब दुकानांना टाळे लावायलाच आलेत, अशी बाजारात हवा होती. माझे तर सारे घर त्या पिंजऱ्यांवर जगत होते.

त्या सकाळी त्यांच्या आधी उरणकडची एक कोळीण पिल्लू घ्यायला आली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ते गिऱ्हाईक रिकाम्या हाती धाडू नये, हा आमचा धर्म. तरी नियमाला भिऊन, आधी डॉक्टरांना दाखवू म्हणून मी तिला थांबवले.

"पिल्लू हाय का नवरी, दाखवून द्यायला?" ती म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आलेच. म्हणाले, "नवरीपेक्षा जपून बघावं लागतं, बाई. नवरीला दुखलं तर ती सांगते."

तिने निवडलेलेच पिल्लू तापलेले निघाले, डोळ्यांना चिपडे. गेला परवाना, असेच मला वाटले.

"आजारानं परवाना जात नाही, लपवल्यानं जातो. तुम्ही कुठं लपवलंत?" असे म्हणून त्यांनी औषध काढले, पिल्लू वेगळे ठेवायला लावले आणि बाईला पुढच्या बाजाराला यायला सांगितले.

ती स्वतः मासळी विकणारी. जाता जाता थबकली. "आमी येऊ. पण याची भवानी मोडली ना."

डॉक्टरसाहेबांनी खुंटीवरचा घुंगरांचा पट्टा विकत घेतला. त्यांच्या घरी कुत्रा नव्हता.

पुढे रोज दवाखान्यातून घरी जाताना ते वाट वाकडी करून पिल्लाला बघून जात. बाजाराच्या दिवशी पिल्लू उड्या मारत होते. कोळीण आली, तेव्हा साहेबांनी खिशातून तोच पट्टा काढून त्याच्या गळ्यात बांधला. "बरी हाय नवरी," म्हणत ती त्याला घेऊन गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

आज जवळच्या सुकापूर-ओव्याची माणसे माझ्याकडचे जनावर डोळे झाकून नेतात. ती पुण्याई साहेबांची.

आज त्यांना वयाची साठ वर्षे पुरी झाली. देव त्यांना निरोगी ठेवो. साहेब, ही नुसती भवानी झाली; बाजार अजून दिवसभर भरायचा आहे.